चष्म्याची खूण

"चष्मा काढला की वाक्य द्यायचं," भूपालआण्णा म्हणाले. "चष्मा डोळ्यावर हाय तोवर मी किती का वेळ गप बसंना, तू तोंड उघडायचं न्हाई. कळलं न्हवं हेरवाड्या?"

"कळलं."

"काय कळलं? सांग बघू परत."

मी परत सांगितलं. चष्मा डोळ्यावर, मी गप्प. चष्मा हातात, मी वाक्य देणार. कॅन्टीनमधल्या बायका भांडी घासता घासता आमच्याकडं बघून हसत होत्या. अडतीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप मी, आणि हा माणूस माझ्याकडून पाढे म्हणून घ्यावेत तसं म्हणून घेत होता. पण आण्णांच्या तोंडावर कोण बोलणार? मी मान डोलावली आणि विंगेतल्या माझ्या स्टुलावर जाऊन बसलो. विंग म्हणजे तरी काय, कॅन्टीनची दोन कपाटं आडवी लावलेली.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. इचलकरंजीच्या बाहेर आमची सूतगिरणी होती. मी टाइम ऑफिसात क्लार्क. कोण किती वाजता आत आला, कोण किती मिनिटं उशिरा आला, हे लिहायचं माझं काम. भूपाल मगदूम हे सूत कातायच्या रिंग फ्रेम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, वय चोपन्न, नोकरीची चार वर्षं राहिलेली. पहिली पाळी सुटली की चार ते सहा गिरणीच्या नाट्यमंडळाची तालीम. दरवर्षी सांगलीला कामगारांची नाट्यस्पर्धा व्हायची, तिच्यासाठी ही सगळी धडपड.

गिरणीत प्रत्येक जण कशाच्या ना कशाच्या मागं लागलेला होता. कुणाला जॉबर व्हायचं होतं, कुणाला युनियनचा सेक्रेटरी, कुणाला सोसायटीत कोपऱ्यावरचा प्लॉट पाहिजे होता. आण्णांना अभिनयाचं रौप्यपदक पाहिजे होतं. बावीस वर्षं नाटकात काम करत होते ते. उत्तेजनार्थची पाच सर्टिफिकिटं घरात भिंतीवर, पदक एकदाही नाही. "चार वर्षं राहिली," असं ते म्हणायचे तेव्हा नोकरीची नव्हे, पदकाची मोजत असायचे.

आणि मला काय पाहिजे होतं? मला आण्णांची भूमिका पाहिजे होती.

नऊ वर्षं मी त्यांना प्रॉम्प्टिंग केलं. संहिता मांडीवर घेऊन विंगेत बसायचं, नट अडला की हळूच पुढचं वाक्य द्यायचं. नऊ नाटकांतली त्यांची सगळी भाषणं मला पाठ. घरी अंघोळ करताना मी ती म्हणायचो. एकदा धीर करून कुरणे साहेबांना विचारलंही. कुरणे म्हणजे आमचे लेबर वेल्फेअरचे साहेब, नाटक लिहायचेही तेच आणि बसवायचेही तेच. ते म्हणाले, "हेरवाडे, तुमचा आवाज कोरडा आहे हो. हजेरी घेतल्यासारखा वाटतो." सगळे खो खो हसले. आण्णा तर सगळ्यांत मोठ्यानं हसले. हसा म्हटलं, हसून घ्या.

त्या वर्षीच्या नाटकात आण्णा म्हातारे पोस्टमास्तर होते. घर सोडून गेलेला मुलगा बारा वर्षांनी परत येतो, दारात उभा राहून विचारतो, "बाबा, मला ओळखलंत का?" त्यावर मास्तर म्हणतात, "ओळखलं. म्हणूनच दार उघडलं नाही." नाटकाचा सगळा जीव त्या वाक्यात. तालमीत आण्णा तिथं दोन-तीन सेकंद थांबायचे आणि मग बोलायचे. छानच बोलायचे, खोटं कशाला सांगू.

माझी एक पद्धत होती. नट जिथं अडेल तिथं संहितेत तांबड्या पेन्सिलीनं टिंब द्यायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथं आपण तयार. आण्णांची टिंबं अख्ख्या नाटकात दोन किंवा तीन असायची. त्या वर्षी एका महिन्यात सतरा झाली. आणि अवघड जागांवर नव्हे. "बस, चहा घे" एवढ्या वाक्यावर ते अडले. एकदा मुलाचं नाव सुधाकर, तेच आठवेना. कपाळावर हात मारून हसले, "च्यायला, डोक्यात कापूस भरला काय रं माझ्या!" सगळे हसले. मी टिंब दिलं.

मी एकटाच ती टिंबं मोजत होतो. कुरणे साहेबांना दाखवायला हवी होती. पण दाखवली असती तर म्हणाले असते, बघा, हेरवाडे भूमिकेवर टपलाय. म्हणून मी गप्प बसलो. आणि खरं सांगायचं तर मनात वेगळंच होतं. होऊ दे काय व्हायचं ते स्टेजवरच, सगळ्यांच्या देखत, मग बघू पुढच्या वर्षी कुणाचा आवाज कोरडा वाटतो ते.

आमचा प्रयोग सांगलीला सकाळी अकरा वाजता होता. पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात मुलगा दारात आला. "बाबा, मला ओळखलंत का?"

आण्णांनी त्याच्याकडं पाहिलं. दोन सेकंद, तीन सेकंद. मग त्यांचा हात कानाशी गेला आणि त्यांनी चष्मा काढला.

चष्मा काढून ते माझ्या विंगेकडं बघायला लागले. थेट माझ्याकडं. माझं बोट वाक्यावर होतं. तोंडसुद्धा उघडलं होतं मी. "ओळखलं," एवढा एक शब्द दिला असता तर पुढचं सगळं आपोआप आलं असतं. नऊ वर्षं हेच तर केलं होतं.

मी तोंड मिटलं.

मनगटावरच्या घड्याळाकडं बघत राहिलो. पाच. सहा. आण्णा धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायला लागले. आठ. नऊ. त्यांनी परत एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि ते डोळे मी अजून विसरलेलो नाही. मी मान खाली घातली. आता शिट्ट्या येणार, आता कुणीतरी ओरडणार, असं वाटत होतं. पण थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकं शांत. बारा. तेरा. चौदाव्या सेकंदाला त्यांनी चष्मा परत लावला आणि म्हणाले, "ओळखलं."

काय आवाज होता तो! फाटलेला, घाबरलेला, पार तळातून आलेला. "म्हणूनच दार उघडलं नाही," म्हणाले आणि तिथंच मटकन खुर्चीत बसले. तेही तालमीत नव्हतं. थिएटर टाळ्यांनी दणाणलं. पुढच्या रांगेतल्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

माझ्या हातात पेन्सिल होती. मी समासात लिहिलं, "चष्मा काढला. वाक्य दिले नाही. १४ सेकंद." का लिहिलं म्हणाल, तर सवय. पंधरा वर्षं टाइम ऑफिसात काढलेला माणूस मी. जे झालं ते लिहून ठेवायचं, एवढंच हाताला ठाऊक होतं.

आठ दिवसांनी निकाल लागला. अभिनयाचं रौप्यपदक भूपाल मगदूम. परीक्षकांनी भाषणात खास सांगितलं, "पोस्टमास्तर चष्मा काढून पुसतात, ती जागा! तो विराम! असा विराम घ्यायला छाती लागते." मी टाळ्या वाजवत होतो. दुसरं काय करणार?

पदक गळ्यात घालूनच आण्णा माझ्याकडं आले आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारली. मग बाजूला नेऊन म्हणाले, "हेरवाड्या, तुला म्हणून सांगतो. मी गेलो होतो लेका. समदं पांढरं झालं होतं. त्यो पोरगा कोण, मी कोण, कायबी कळंना. चष्मा काढला आणि तुझ्याकडं बघितलं. आणि तू वाक्य दिलं न्हाईस!"

"तुला कळलं," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. "ही जागा हाय, ही मोडायची न्हाई, हे तुला कळलं. मला न्हाई कळलं. नऊ वर्षं तुला नुसता वाक्यं देणारा समजत होतो बघ. चुकलं माझं."

मी म्हटलं, "तुमचंच काम होतं आण्णा."

त्या दिवसापासून ते गिरणीभर सांगत सुटले. पदक हेरवाड्यामुळं मिळालं. रिंग फ्रेम खात्यातली पोरंसुद्धा मला चहा पाजायला लागली. लाज वाटत होती का? वाटत होती. पण चहा मी पीत होतो.

दोन महिन्यांनी पुण्याहून पत्र आलं. परीक्षकांपैकी एकानं एका नाटक कंपनीकडं आण्णांचं नाव सुचवलं होतं. गावोगावचे दौरे, महिन्याला वीस-पंचवीस प्रयोग. एवढी रजा गिरणी देणार नव्हती. जायचं तर राजीनामा देऊनच जायचं.

आधी पद्मावहिनी माझ्या घरी आल्या, आण्णांच्या मंडळी. रविवार होता, दुपारची वेळ. डब्यात पुरणपोळ्या आणल्या होत्या, पण बसल्या त्या खुर्चीच्या कडेवर.

"भावजी, तुमचं ऐकतात ते. तुम्ही सांगा, जाऊ नका म्हणून. चार वर्षं कशीतरी काढा म्हणावं. धाकटीचं लग्न व्हायचंय अजून."

"वहिनी, एवढी संधी..."

"संधी कसली हो!" त्या एकदम रडायलाच लागल्या. "परवा दळण आणायला गेले आणि पिठाचा डबा तिथंच ठेवून रिकाम्या हातानं आले. मी विचारलं तर म्हणतात, दळणाला कोण गेलं होतं? मला भ्या वाटतंय भावजी. परक्या गावात काय करतील?"

माझी बायको आतून माझ्याकडं बघत होती. मी वहिनींना म्हणालो, "सांगतो." वहिनी डोळे पुसून गेल्या. त्यांना माझा शब्द पुरला.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर आण्णा टाइम ऑफिसच्या खिडकीशी आले. राजीनाम्याचा कागद खिशात होता.

"तू सांग," म्हणाले. "कुरणे साहेब जा म्हणतात, पद्मी जाऊ नको म्हणते. मी तुझं ऐकणार. त्या दिवशी माझ्यापरीस तुला जास्त कळलं होतं."

"तुमची इच्छा काय आहे?"

"इच्छा इचारतोस व्हय रं? बावीस वर्षं कापसाची धूळ खाल्ली मी. रोज आरशात बघून म्हणायचो, भूपाल मगदूम, तू नट हाईस. जॉबर न्हवंस." मग आवाज खाली आला. "पर तिथं प्रॉम्प्टर नसतो म्हणे. धंद्याच्या नाटकात कोण ठेवत न्हाई. जमंल का मला?"

माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ती संहिता होती. सतरा तांबडी टिंबं. ड्रॉवर नुसता ओढायचा होता. आणि पुढच्या वर्षीचं नाटक कुरणे साहेबांनी लिहायला घेतलं होतं, त्यात एक म्हातारा स्टेशनमास्तर होता.

"आण्णा," मी म्हणालो, "तुम्हाला कशाला लागतो प्रॉम्प्टर?"

त्यांचं तोंड असं उजळलं! खिडकीतून हात घालून माझा हात दाबला आणि तसेच वर ऑफिसात गेले. मी घड्याळात पाहिलं, चार वाजून वीस मिनिटं झाली होती. संध्याकाळी जाताना मी ती संहिता मंडळाच्या ट्रंकेत, जुन्या संहितांच्या तळाला टाकून कुलूप लावलं.

पहिला महिना बरा गेला म्हणे. दुसऱ्यात कऱ्हाडला दोनदा अडले, समोरच्या नटानं सांभाळून नेलं. तिसऱ्यात नाशिकला मध्येच थांबले. चष्मा काढला. विंगेकडं बघत राहिले. विंगेत कुणी नव्हतं. लोक आधी गप्प होते, मग टाळ्या पिटायला लागले, मग "पैसे परत द्या" म्हणून ओरडायला लागले. पडदा पाडावा लागला. दुसऱ्या दिवशी कंपनीनं त्यांना एसटीत बसवून दिलं.

गिरणीनं परत घेतलं नाही. घेणार तरी कसे, राजीनामा दिलेला माणूस. शिरोळला मेहुण्याच्या खताच्या दुकानात गिऱ्हाइकाला पोती दाखवायला बसायला लागले. धाकटीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. हे सगळं मला कॅन्टीनमध्ये कळायचं. मी "अरेरे" म्हणायचो आणि स्टेशनमास्तरची भाषणं पाठ करायचो. होय, ती भूमिका मला मिळाली होती.

तालमी सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी आण्णा कॅन्टीनच्या दारात उभे. सदरा सैल झालेला, दाढीची खुंटं पांढरी.

"साहेब," ते कुरण्यांना म्हणाले, "काम मागायला आलो न्हाई. हेरवाडे आता काम करतोय, तर प्रॉम्प्टिंगला माणूस लागंल. वाचून तर दाखवायचं असतं. तेवढं करू द्या मला."

कुरणे साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. नाही कसं म्हणायचं? कपाटामागच्या माझ्या स्टुलावर आण्णा जाऊन बसले.

"खूण तीच ठेवू," ते म्हणाले. "चष्मा काढला की वाक्य. ठरलं न्हवं?"

"ठरलं."

"आणि मंडळाच्या ट्रंकेची किल्ली दे. तू संहितेवर खुणा कशा करायचास ते जरा बघतो. मला कुठं येतंय त्यातलं."

मी किल्ली दिली. बुद्धी कुठं शेण खायला गेली होती कुणास ठाऊक, पण दिली. डोक्यात फक्त स्टेशनमास्तर होता.

त्या नाटकात शेवटी चौकशी असते. अधिकारी विचारतो, "त्या गाडीला सिग्नल कुणी दिला होता?" आणि स्टेशनमास्तर कबूल करतो, "मीच दिला." वाचलं त्याच दिवशी मी ठरवलं, इथं चष्मा काढायचा. पुसायचा. चौदा सेकंद. घरी आरशासमोर घड्याळ लावून केलं. तालमीत मात्र एकदाही केलं नाही. कुणी हसलं तर? आणि आण्णांनाही सांगितलं नाही. म्हटलं, आण्णांना कळेल. त्यांना नाही कळणार तर कुणाला?

सांगलीचं तेच थिएटर, सकाळची तीच वेळ. अधिकाऱ्यानं विचारलं, "त्या गाडीला सिग्नल कुणी दिला होता?"

मी त्याच्याकडं पाहिलं. हात कानाशी नेला. सावकाश चष्मा काढला. थिएटर शांत झालं. छाती धडधडत होती, पण सुखानं. आता पुसायचा, म्हणून धोतराचा सोगा हातात धरला.

"मीच दिला!"

विंगेतून आवाज आला. आण्णांना हळू बोलता येत नसे, बावीस वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवलेला माणूस. त्यांचा आवाज खणखणीत थिएटरभर गेला. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी ओरडलं, "घ्या! आतल्यानं कबूल केलं, सोडा म्हाताऱ्याला!" आणि अख्खं थिएटर हसायला लागलं. पुढच्या रांगेतले परीक्षकसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसत होते. मी "मीच दिला" म्हणालो, पण ते कुणालाही ऐकू गेलं नाही.

पडदा पडल्यावर मी मेकअपच्या खोलीत गेलो. आण्णा पिशवी भरत होते.

"आण्णा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"वाक्य कशाला दिलंत?"

"तू चष्मा काढलास."

"ती जागा होती! मी विराम घेत होतो. तुम्हाला कळलं नाही?"

"मला कसं कळंल?" ते शांतपणे म्हणाले. "खूण ठरली होती. खूण दिसली, वाक्य दिलं. प्रॉम्प्टरचं काम दुसरं काय असतं?"

मग त्यांनी पिशवीतून गेल्या वर्षीची संहिता काढली आणि ते पान उघडून माझ्या पुढ्यात धरलं. माझं अक्षर. मला वाचायची गरज नव्हती.

"वर्षभर मी लोकांना सांगत फिरलो, पदक हेरवाड्यामुळं मिळालं. पद्मीला सांगितलं. पुण्याला कंपनीत सांगितलं. आणि ही टिंबं. सतरा हाईत, मी मोजली. तुला ठावं होतं. एवढं ठावं असताना तू मला म्हणालास, तुम्हाला कशाला लागतो प्रॉम्प्टर."

मी माफी मागायला हवी होती. पाय धरायला हवे होते. पण तोंडावर रंग होता, कानात अजून ते हसणं होतं, आणि मी म्हणालो, "पण पदक तर मिळालं ना तुम्हाला!"

"मिळालं की," आण्णा म्हणाले. "त्या दिवशी तू वाक्य दिलं असतंस तर पदक गेलं असतं. नोकरी ऱ्हायली असती."

त्यांनी जुनी संहिता पिशवीत घातली, नवी टेबलावर ठेवली आणि निघून गेले. परत कधी मंडळाकडं फिरकले नाहीत. दोन वर्षांनी शिरोळच्या बाजारात दिसले. पद्मावहिनींनी त्यांचा हात धरला होता. ते माझ्याकडं बघून हसले. मी कोण, ते त्यांना आठवत नव्हतं. वहिनींना आठवत होतं. त्या तोंड फिरवून त्यांना पुढं घेऊन गेल्या.

त्यानंतर मला कुणी भूमिका दिली नाही, मीही मागितली नाही. गिरणी बंद पडली तेव्हा मंडळाची ट्रंक माझ्या घरी आली. स्टेशनमास्तरची संहिता तिच्यात आहे. शेवटच्या पानाच्या समासात, माझ्यासारखंच वळण काढायचा प्रयत्न करत, पेन्सिलीनं लिहिलंय, "चष्मा काढला. वाक्य दिले. लगेच." खाली सही आहे, भूपाल आ. मगदूम. मी माझ्या नोंदीखाली सही केली नव्हती.